"आनंद करा" म्हणजे नेमकं काय करा? फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय रोजच्या जगण्यात कसा आणायचा

चर्चच्या मंडळीत कुणाला टेन्शन आहे असं कळलं की चार जण येऊन हमखास एकच वचन ऐकवतात, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचन ४. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो हो, पण ज्याचे घराचे हप्ते थकलेत, आईचं डायलिसिस चालू आहे, सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याने नेमकं करायचं काय? हसरं तोंड करून बाकावर बसायचं? आणि मग आतून काहीच आनंद वाटत नाही म्हणून "आपला विश्वासच कमी पडतोय" हे आणखी एक टेन्शन डोक्यावर घ्यायचं?

मला वाटतं घोळ होतो तो हे एक वचन सुटं उचलल्यामुळे. त्याच्या मागची पुढची वचनं, म्हणजे २ ते ९, सलग वाचा. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तिथे चक्क करायची कामं सांगितलीत, कुणाशी मिटवायचं, काय मागायचं, आभार कधी मानायचे, डोक्यात काय येऊ द्यायचं, आणि "सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली" शांती त्या कामांच्या मागोमाग येते. तर हा लेख त्या कामांबद्दल आहे. कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, किंवा ख्रिस्ती नसाल पण येशूबद्दल ओढ वाटत असेल, तरी करून बघता येईल असंच लिहिलंय.

आधी झोप आणि जेवण

हे पहिलं लिहितेय कारण हेच सगळे विसरतात. १ राजे, अध्याय १९ काढा. एलीया संदेष्टा, एवढा मोठा माणूस, ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला आता पुरे झालं परमेश्वरा, मला मरू दे. देवाने काय केलं? उपदेश नाही केला, ओरडला नाही. एलीया झोपला, मग देवदूताने उठवून त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, ते खाऊन तो परत झोपला, परत उठवून परत खायला घातलं. मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगर, आणि तिथे ती मंद वाणी. म्हणजे देवाचा आवाज ऐकू यायच्या आधी दोन झोपा आणि दोन जेवणं झालीत.

त्यामुळे रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल आणि पहाटे चारची प्रार्थना, असला हट्ट सुरुवातीला करू नका. पहिला आठवडा फक्त वेळेवर झोपा. आणि कित्येक आठवडे झोप नाही, खाणं तुटलंय, जगावंसं वाटत नाही अशी अवस्था असेल तर डॉक्टरकडे जा, जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात. एखादा प्रार्थना करणारा "गोळ्या बंद कर, विश्वास ठेव" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, एवढं साधं आहे.

वेळ, जागा आणि पुस्तक

वीस मिनिटं पुरतात. सकाळीच पाहिजे असं काही नाही, नाईट शिफ्टवाल्याची सकाळ वेगळी, घरातल्या बाईला डबे झाल्यावरच जरा श्वास मिळतो. वेळ कुठलीही घ्या पण रोज तीच घ्या, आणि जागाही तीच. एक खुर्ची, गॅलरीचा कोपरा, लोकलमध्ये विंडो सीट मिळत असेल तर तीसुद्धा चालेल.

बायबल शक्यतो छापील घ्या. ॲप वाईट नाही पण वरून मेसेज टपकत राहतात आणि वचन वाचता वाचता आपण सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडायला लागतो. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र बहुतेक प्रोटेस्टंट घरांत असतं, भाषा जरा जुनी आहे पण कानाला छान लागते. कॅथलिकांकडे, आणि सोपी भाषा हवी असणाऱ्या कुणालाही, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आवडेल. आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुठे मिळालं तर जरूर चाळा, या बाईने केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा गाडा ओढत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि छापील बायबल आलं १९२४ मध्ये.

पहिल्या दिवशी बाकी काही करू नका, फिलिप्पैकरांस पत्र सगळं एका बैठकीत मोठ्याने वाचा. चारच अध्याय आहेत, १०४ वचनं, पंधरा-वीस मिनिटांत होतं. वाचताना एवढं लक्षात ठेवा की लिहिणारा बेड्यांमध्ये आहे, खटल्याचा निकाल काय लागेल, जगतो की मरतो, त्याला माहीत नाही. फिलिप्पैच्या लोकांनी ज्याच्या हाती मदत पाठवली तो एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचलाय. पैशाची ओढाताण आहे. आणि अशा पत्रात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ४:११ पाशी थांबा, तिथे पौल म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. म्हणजे त्यालाही ते आपोआप आलेलं नाही. मला हे वाक्य वचन ४ पेक्षाही जास्त धीर देतं.

गाऱ्हाणं आधी, आभार नंतर

आपल्याकडे प्रार्थना सुरू झाली की लगेच "हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ पित्या" आणि मग सगळं गोड गोड. मनात मात्र वेगळंच शिजत असतं. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, असं चालत नाही. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी सरळ सरळ तक्रारी आहेत, रडणं आहे, राग आहे. आणि देवाने ती पुस्तकातून काढून टाकायला लावली नाहीत.

स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, कुठवर? कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार, कुठवर मी मनात हे घेऊन फिरू, कुठवर शत्रू माझ्यावर चढून बसणार. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे, माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मेलोच. आणि पाचव्यात एकदम, मी मात्र तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. सहाव्यात गाणं. मधे काय झालं? प्रश्न सुटला असं कुठेच लिहिलेलं नाही. शत्रू तिथेच आहे. फक्त जे होतं ते बोलून झालं, आणि ज्याला बोलायचं त्यालाच बोलून झालं.

याचाच साचा वापरायचा. वही घ्या, स्तोत्र एकदा वाचा, मग स्वतःचे चार "कुठवर" लिहा. नक्की लिहा, मोघम नको. "प्रभू, माझ्या अडचणी तू जाणतोस" हे मोघम झालं. नक्की म्हणजे असं:

कुठवर मी दर पाच तारखेला बँकेचा मेसेज बघून घाबरू?
कुठवर सासूबाई माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवणार?
कुठवर पोराचे फोन फक्त पैसे हवे असले की येणार?
कुठवर तू गप्प बसणार?

शेवटची ओळ लिहायला भीती वाटते, लिहा तरी. येशूने क्रुसावर म्हटलेलं "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे स्तोत्र २२ चं पहिलं वचन आहे, आणि तो जर तसं म्हणू शकतो तर आपल्याला कसली लाज. मग खाली एक मागणं लिहा, एकच, आणि स्पष्ट. "शांती दे" एवढंच नको, "उद्या मॅनेजरशी बोलताना माझा आवाज चढू नये" असं. मग पाचव्या-सहाव्या वचनासारखं एखादं वाक्य, मनापासून येईल तेवढंच, नाही आलं तर दाविदाचंच वाचून सोडून द्या, उसनं चालतं.

आता आभार. ४:६ मध्ये पौल म्हणतो की कशाविषयी चिंताक्रांत न होता "आभारप्रदर्शनासह" मागणी देवाला कळवा, म्हणजे मागणं आणि आभार एकाच दमात, काम झाल्यावरचे आभार नव्हेत. इथे माझी आवडती पद्धत स्तोत्र १३६ ची. त्या स्तोत्राची २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, त्याची दया सनातन आहे. पूर्वी हे एक जण म्हणायचा आणि बाकीचे तो शेवट म्हणायचे असं मानतात, घरात मुलं असतील तर तस्संच करा, मजा येते. आईने म्हणायचं "आज पाणी दोन तास आलं", पोरांनी ओरडायचं "त्याची दया सनातन आहे". "आजोबांचे रिपोर्ट बरे आले." "त्याची दया सनातन आहे." "गणिताच्या सरांनी पेपर पुढे ढकलला." हे सगळ्यात मोठ्याने येतं.

ज्याच्याशी वाकडं आहे त्याचं काय

ही पायरी कुणालाच आवडत नाही, आणि बहुतेक प्रवचनांत ती गाळली जाते. "आनंद करा" या वचनाच्या जस्ट आधी, वचन २ मध्ये, पौल दोन बायकांची नावं घेऊन विनवतो, युवदीया आणि सुंतुखे, एकचित्त व्हा. दोघींनी सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर झटून काम केलेलं होतं, तरी बिनसलं होतं. कशावरून ते लिहिलेलं नाही, आणि आपल्या मंडळ्या बघितल्या की अंदाज बांधायला फार वेळ लागत नाही, महिला मंडळाचा हिशोब असेल, नाहीतर नाताळच्या कार्यक्रमात कुणाला किती वेळ दिला ते असेल! पण क्रम बघा. आधी भांडण, मग आनंद, मग चिंता, मग शांती. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशूही तेच म्हणतो, वेदीवर अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

कसं करायचं ते सांगते. एकच माणूस निवडा, सगळ्यात अवघड नको. आठवडाभर रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, त्याचं भलं मागा, "त्याला सुबुद्धी दे" ही प्रार्थना धरली जाणार नाही. मग मेसेज करा, छोटा, स्पष्टीकरण न देता. "दादा, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. सॉरी. रविवारी येऊ का चहाला?" बस. "पण तूही तर" असं काही खाली जोडायचं नाही. ब्लू टिक येऊनही उत्तर आलं नाही तर गप्प राहा, तुमच्याकडून होतं तेवढं झालं, रोमकरांस पत्र १२:१८ मध्ये पौलच म्हणतो, शक्य असल्यास, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. म्हणजे समोरच्याचा वाटा तुमच्या हिशोबात नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणं म्हणजे क्षमा नाही. अत्याचार लपवणं म्हणजे समेट नाही. मनातला सूड सोडणं वेगळं आणि परत त्याच घरात जाऊन राहणं वेगळं, आधी सुरक्षित जागा, पोलीस, वकील, जे लागेल ते. कुणी पाळकांनी उलटं सांगितलं तर दुसरे पाळक शोधा.

गाणं

पौल आणि त्याचा सोबती सीला याच फिलिप्पै शहरात तुरुंगात होते, छड्यांचा मार खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री ते प्रार्थना करत गाणी म्हणत होते, बाकीचे कैदी ऐकत होते (प्रेषितांची कृत्ये १६). पाठीवर वळ असताना मध्यरात्री झोप तर येणारच नव्हती, मग गायले.

मराठी ख्रिस्ती माणसाला यात मोठी चैन आहे. नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंग, ओव्या, कीर्तनाच्या चालीत ख्रिस्त दिला, पाश्चात्त्य चालीही आहेत, आणि कुठल्याही जुन्या मंडळीत आजही पेटी-तबल्यावर ही गीतं होतात. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, हजारो मराठी ओव्या, ओवी वाचायची गोडी असेल तर ईस्टरआधीच्या उपवासकाळात रोज थोडं थोडं वाचता येतं.

करायचं एवढंच, एक गीत पाठ करा. एकच, सगळी कडवी. यूट्यूबवर लावून ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या बेसूर आवाजात भांडी घासताना म्हणणं वेगळं. रात्री तीनला जाग येऊन डोकं गरगरायला लागलं की प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत, पाठ असलेलं गाणं मात्र येतं.

रात्रीची दहा मिनिटं

लोयोलाचा इग्नेशियस हा स्पेनमधला सरदार घराण्यातला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्‌महिने खाटेवर. वाचायला शौर्यकथा मागितल्या, घरात नव्हत्या, ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी मिळाल्या. पडल्या पडल्या त्याच्या एक लक्षात आलं, लढाया आणि सुंदर स्त्रियांची स्वप्नं बघताना मजा यायची पण नंतर मन कोरडं पडायचं, संतांसारखं जगायचे विचार केले की नंतरही बराच वेळ आनंद टिकायचा. म्हणजे कसला आनंद आहे हे तो संपल्यावर कळतं. यावरूनच पुढे त्याने रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत बसवली जी त्याने स्थापलेल्या संघाचे धर्मगुरू, म्हणजे जेझुइट, आजही करतात, आणि ती प्रोटेस्टंटांनीही खुशाल वापरावी, कॉपीराईट नाही.

पाच गोष्टी क्रमाने. आजच्या दिवसाचे आभार. पवित्र आत्म्याला विनंती, दिवस तुझ्या नजरेने दाखव. मग सकाळपासून तासातासाने दिवस आठवायचा, कुठे मन हलकं झालं, कुठे जड झालं. चुकलं त्याची क्षमा. आणि उद्याची एखादी ठरावीक गोष्ट देवाच्या हातात देणं. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची. काही आठवडे वहीत दोन-दोन शब्द टिपून ठेवा, मग मागे वळून बघा, चित्र आपोआप दिसतं. रील बघितल्यावर मन काय होतं, म्हाताऱ्या शेजारणीला दवाखान्यात नेऊन आणल्यावर काय होतं. ४:८ मध्ये पौल म्हणतो ना, जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचं मनन करा. आपल्याला कुठलं मनन पचतं हे या वहीतून कळतं.

एकट्याने होत नाही

रविवारी उपासनेला किंवा मिस्साला जा, कंटाळा आला तरी जा. प्रवचन लांबतं, माईक शिट्टी मारतो, पुढच्या बाकावरच्या मावशी मागे वळून तुमची साडी बघतात, सगळं मान्य. पण प्रभुभोजनाच्या रांगेत उभं राहिल्यावर ज्याच्याशी पटत नाही तोही शेजारी हात पसरून उभा असतो, हे घरी बसून लाईव्ह बघताना मिळत नाही. कॅथलिक असाल तर पापनिवेदन टाळू नका, जे वर्षानुवर्षं मनात दाबलंय ते एका माणसापुढे तोंडाने बोलून क्षमेचे शब्द कानाने ऐकणं याची सर कशालाच नाही. प्रोटेस्टंटांकडे याची रीत फारशी उरली नाही, हे मला आमच्याकडचं नुकसान वाटतं. याकोबाच्या पत्रात, ५:१६, एकमेकांजवळ पापं कबूल करा असं स्वच्छ लिहिलेलं आहे, तेव्हा पोटात ठेवणारा एखादा मित्र किंवा ताई शोधा.

नवीन मंडळी शोधत असाल तर जिथे दर रविवारी पैशाच्या आशीर्वादाची हमी मिळते, हिशोब कुणाला दाखवत नाहीत आणि पास्टरांना प्रश्न विचारलेला चालत नाही, तिथून लवकर बाहेर पडा.

काहीच वाटत नाही तेव्हा

वाटणार नाही, असे दिवस येणारच. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला "पण तरीही" असं वळणसुद्धा नाही, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक वर्षं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता आणि काम मात्र चालूच होतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, पण पुढे साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट म्हटलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता सापडला. तो आनंद मिळायला त्यानंतर साधारण आठ वर्षं गेली, आणि मिळाल्यावर त्या ध्यानात बसून राहिल्या नाहीत, दुष्काळातल्या पोरींना गोळा करून आणायला निघाल्या. म्हणून कोरड्या दिवसांत मी सांगेन की वाचन निम्मं करा आणि कुणाचं तरी एक काम करा, हॉस्पिटलमध्ये डबा, कुणाचा फॉर्म भरून देणं, काहीही.

आणि ख्रिस्ती नसलेल्या घरातून जे हे वाचतायत त्यांच्यासाठी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, त्यांना शांती मिळाली, पण तिकडे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि लक्ष्मीबाई स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या वेळेला, १९०० मध्ये ख्रिस्ती धर्मात आल्या. आपल्या शांतीची किंमत घरातल्या दुसऱ्याने मोजायची वेळ येऊ शकते, तेव्हा चोरून काही करू नका, नवऱ्याशी, बायकोशी, आईवडिलांशी आधी बोला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बाप्तिस्म्याची घाई नको. वर लिहिलेलं सगळं, स्तोत्र, वही, क्षमा, रात्रीचं आत्मपरीक्षण, त्याशिवायही करता येतं. पुढे विचारावंसं वाटलं तर जवळच्या पाळकांना किंवा फादरना भेटा, बाप्तिस्म्याआधी शिकवणीचे वर्ग असतात, त्यात नुसतं बसून प्रश्न विचारले तरी चालतं, आणि जो कुणी पहिल्याच भेटीत तारीख ठरवायला निघेल त्याला सांगा, मला अजून वेळ हवाय.